आजारी बालक आणि चिठ्ठीचा कौल

पावसाळ्याचे दोन महिने उलटले, की आमच्या शहरांतील बालरुग्णविभागांचे रूप पालटते. खाटा पुऱ्या पडत नाहीत, एकेका खाटेवर दोन दोन मुले निजविली जातात, उशाशी आया आणि दाराशी बाप ताटकळत असतात. कोणास डेंग्यू, कोणास मलेरिया, कोणास न्युमोनिया; काहींच्या तापाला तर नावही लागलेले नसते. आणि यांतील बहुतेक आईबापांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते, "डॉक्टरसाहेब, सलाइन लावा ना!" सलाइनवर आमच्या समाजाची जी श्रद्धा आहे, ती एखाद्या जागृत देवस्थानावरील श्रद्धेहून रतिभरही कमी नाही. बाटलीतून थेंब थेंब उतरणारे ते खारट पाणी म्हणजे बाळाच्या अंगात परत येणारा प्राणच, असे लोकांस वाटते.

ही श्रद्धा केवळ अडाण्यांची आहे असे समजून कोणी हसू नये. ती जगातील नामांकित वैद्यांचीही होती, आणि अगदीच निराधार नव्हती. परंतु अत्यवस्थ मुलापुढे दोन उपचार उभे असताना त्यांतील श्रेयस्कर कोणता, हे ठरवावयाचे कोणी आणि कसे, हा प्रश्न श्रद्धेने सुटत नाही. अनुभवानेही पुरता सुटत नाही. तो केवळ डॉक्टरांच्या सभेत चर्चिला जावा, नागरिकांस त्याच्याशी काय कर्तव्य, असे मानण्याची आमच्याकडे रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. ज्यांची मुले त्या खाटांवर निजतात त्यांचा हा प्रश्न आहे.

एकच साधी वस्तू घेऊ : शिरेतून दिले जाणारे मिठाचे पाणी. तीन आजारांत तिने तीन निरनिराळे निकाल दिले आहेत.

पहिला निकाल आमच्याच देशातला. १९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेवरील बनगाव येथील छावण्यांत पटकीची साथ भडकली. डॉ. दिलीप महालनबीस तेथे गेले तेव्हा रुग्णालयाची जमीन पटकीच्या रोग्यांनी भरून गेली होती आणि सलाइनचा साठा संपत आला होता. पटकीत शरीर अक्षरशः सुकते. गेलेले पाणी परत भरले नाही तर काही तासांत माणूस जातो. शिरेतून देण्याइतके सलाइन नव्हते, म्हणून त्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण करून ते पाण्यातून पाजावयास लावले. पाजणारे कोण? रोग्यांचेच आप्त. त्या छावण्यांत शंभरांतील तीसजण दगावत होते, ते प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत ३.६ वर आले. येथे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडण्यास ना उसंत होती, ना गरज. फरकच एवढा प्रचंड होता की तो उघड्या डोळ्यांस दिसला. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. एवढ्या मोठ्या कामाची पावती यावयास अर्धशतक लागावे, हे आमच्या रीतीस धरूनच झाले.

दुसरा निकाल डेंग्यूचा. या तापात काही मुलांच्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातील पाणी बाहेर निसटते, नाडी क्षीण होते. अशा मुलांस शिरेतून पाणी द्यावयास हवे यात शंका नव्हती; प्रश्न होता, पाणी कोणते द्यावयाचे? साधे व स्वस्त रिंगर लॅक्टेट, की डेक्स्ट्रान व स्टार्च यांची महागडी द्रावणे? व्हिएतनाममधील हो चि मिन्ह नगरीतल्या डॉक्टरांनी पाचशेंहून अधिक मुलांवर याची तुलना केली व २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. मध्यम तीव्रतेच्या आजारात स्वस्त पाणी महागड्या द्रावणांच्या तोडीचे ठरले. आणि विशेष म्हणजे एवढ्या मुलांत दगावले ते अवघे एक. जागरूक शुश्रूषा असेल तर गरीब देशातले रुग्णालयही काय करू शकते, याचा हा दाखला आहे.

येथवर सलाइनची श्रद्धा सुखरूप राहते. तिला धक्का बसतो तो तिसऱ्या प्रकरणात, आणि त्यावरच आम्हांस अधिक लिहावयाचे आहे.

पुष्कळ मुले ना पटकीची असतात, ना डेंग्यूची. तीव्र ताप, हातपाय गार, श्वास जलद, शुद्ध हरपत चाललेली, अशी ती येतात. रक्ताभिसरण कोलमडू लागल्याची ही लक्षणे. अशा मुलास पहिल्या तासात झपाट्याने भरपूर पाणी चढवावे, असा दंडक श्रीमंत देशांत रूढ झाला होता. या दंडकाच्या मुळाशी १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास होता. त्यात मुले होती चौतीस. त्यांपैकी ज्या नऊ मुलांस पहिल्या तासात सर्वांत जास्त पाणी मिळाले, त्यांतील आठ वाचली. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते; ज्याला जसे मिळाले तसे मिळाले, मागाहून हिशेब मांडला. अभ्यास प्रामाणिक होता, परंतु त्याच्यावर पुढे जी इमारत रचली गेली तिला नऊ मुलांचा पाया फारच अपुरा होता. २००२ पर्यंत तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकांत तो नियम होऊन बसला आणि पाठ्यपुस्तकांतून जगभर पसरला.

पूर्व आफ्रिकेतील रुग्णालयांत मात्र असे पाणी सरसकट दिले जात नव्हते. तेथे अतिदक्षता विभाग नव्हते, कृत्रिम श्वासोच्छ्वासाची यंत्रे नव्हती. डॉ. कॅथरिन मेटलंड या केनियात दीर्घ काळ काम केलेल्या बालरोगतज्ज्ञ. हा उपचार या मुलांस मिळाला तर कित्येकांचे प्राण वाचतील, अशी त्यांची व त्यांच्या सहकाऱ्यांची अपेक्षा होती. २००९ च्या जानेवारीत केनिया, युगांडा व टांझानिया येथील सहा रुग्णालयांत त्यांनी तुलना सुरू केली. अतिसाराची मुले व अतिकुपोषित मुले तीतून वगळली होती, कारण त्यांची गोष्ट वेगळी. उरलेल्या ३१४१ मुलांचे तीन गट पडले. एकास मिठाचे पाणी झपाट्याने, दुसऱ्यास अल्ब्युमिनचे द्रावण झपाट्याने. तिसऱ्यास यांपैकी काहीच नाही, केवळ नेहमीच्या संथ गतीने दिले जाणारे पाणी. प्रतिजैविके, मलेरियाचे औषध, प्राणवायू, गरज पडल्यास रक्त, हे तिन्ही गटांस सारखेच. कोणते मूल कोणत्या गटात, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे नव्हते. बंद लिफाफा उघडावयाचा आणि आत जे निघेल ते करावयाचे.

येथे वाचक दचकतील. देवापुढे कौल लावावा तसे तडफडणाऱ्या लेकरापुढे लिफाफे फोडावयाचे? हा आक्षेप हृदयातून आलेला आहे, म्हणून त्याचे उत्तर टाळता येणार नाही. परंतु आधी निकाल पाहू.

३६०० मुलांपर्यंत जावयाचे ठरले होते. तेथवर कोणी पोहोचलेच नाही. या तुलनेवर देखरेख ठेवणारी एक स्वतंत्र समिती होती. मधूनमधून बंद दाराआड आकडे तपासावयाचे आणि कोणत्याही गटाची हानी होताना दिसली तर काम थांबवावयाचे, एवढाच तिचा अधिकार. २०११ च्या जानेवारीत त्या समितीने प्रयोग थांबविण्याची शिफारस केली. पहिल्या ४८ तासांत अल्ब्युमिनच्या गटातील १०.६ टक्के मुले दगावली होती, मिठाच्या पाण्याच्या गटातील १०.५ टक्के. आणि ज्या गटास पाणी झपाट्याने दिलेच नव्हते त्यातील ७.३ टक्के. म्हणजे ज्याला आपण जीवनदान समजत होतो, तो उपचार दर शंभरांमागे तीन मुले अधिक घेऊन जात होता. चार आठवड्यांनंतर मोजले तेव्हाही अंतर मिटले नव्हते.

या निकालात एक गोष्ट अशी आहे, की जिच्यावर वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. पहिल्या तासाच्या अखेरीस तपासले, तेव्हा झपाट्याने पाणी दिलेली मुलेच अधिक सुधारलेली दिसत होती! त्यांच्यातील ४३ टक्क्यांत रक्ताभिसरण बिघडल्याची लक्षणे ओसरली होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३२ टक्केच होते. खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरास काय दिसले असेल? पाणी चढले, हात कोमट झाले, नाडी भरली. तो समाधानाने पुढच्या खाटेकडे वळला असेल. मृत्यू आला तो मागाहून, आणि तो पाण्यामुळे आला असे कोणासही वाटले नसते. आजारच भारी होता, असे आईबाप म्हणाले असते आणि डॉक्टरही. फुप्फुसांत वा मेंदूत पाणी साचून मुले जातील ही भीती आधीपासून होती. परंतु पुढील चिकित्सेत असे दिसले, की अधिकचे मृत्यू मुख्यतः हृदय व रक्ताभिसरण ढासळल्याने झाले होते. ज्याला तारावयास पाणी दिले, तेच त्याने बुडविले. चाळीस वर्षे सेवा केलेल्या निष्णात वैद्यासही नुसत्या नजरेने हे कळले नसते. शंभरांत तीनाचा फरक डोळ्यांस दिसत नाही. तो मोजावा लागतो.

निकाल प्रसिद्ध होताच पुष्कळांनी त्यावर झोड उठविली. ही मुले मलेरियाची होती, रक्तक्षयाची होती, आमची तशी नाहीत, असे श्रीमंत देशांतील काही तज्ज्ञांनी म्हटले. मलेरिया असलेली मुले व नसलेली मुले, रक्त कमी असलेली व नसलेली, असे निरनिराळे गट पाडून पाहिले. कल सर्वत्र तोच निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने आपली मार्गदर्शिका या पुराव्यानुसार बदलली ती २०१६ साली. पाच वर्षे! या पाच वर्षांत जुन्या नियमानुसार किती बाटल्या रित्या झाल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता त्या लिफाफ्याकडे वळू. ज्याने काही वर्षे वर्गात काढली आहेत त्याला चिठ्ठीचे मर्म समजावयास वेळ लागू नये. एखादी नवी शिक्षणपद्धती आली, की मुख्याध्यापक ती कोणत्या तुकडीवर आजमावतात? 'अ' तुकडीवर. निकाल उत्तम लागतो आणि पद्धतीचा जयजयकार होतो. आम्ही शिक्षकी पेशात होतो तेव्हा असे जयजयकार पुष्कळ ऐकले. रुग्णालयात हेच घडते. त्यात डॉक्टरांची लबाडी नसते, माणुसकीच असते. ज्याच्यावर आशा आहे त्यास नवा उपचार मिळतो, किंवा उलट, जो हातचा चालला आहे त्यास. दोन्ही प्रकारे तुलना नासते. चिठ्ठी आंधळी असते, आणि तिचे आंधळेपण हाच तिचा गुण. ती मुलाची जात विचारीत नाही, बापाचा खिसा पाहत नाही, कोणाची ओळख चालू देत नाही. आमच्या सार्वजनिक रुग्णालयांत याहून निःपक्षपाती असे दुसरे काय शिल्लक आहे?

अट एकच : कोणता उपचार श्रेष्ठ हे खरोखरच ठाऊक नसले पाहिजे. ठाऊक असताना चिठ्ठी टाकणे हे पातक होय. परंतु ठाऊक नसताना ठाऊक असल्याचा आव आणून सर्वांस एकच उपचार देणे, हाही एक प्रयोगच असतो. फरक एवढाच, की त्याची नोंद राहत नाही.

दयेचा मार्ग किती निसरडा असतो याचे एक जुने उदाहरण येथे आठवते. गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात अमेरिकेतील मोठमोठ्या रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांची बाळे मुक्त हस्ते दिलेल्या प्राणवायूत वाढविली जात आणि त्यांतील हजारो आंधळी होत. कारण कळेना. प्राणवायूच याचे मूळ असावा या संशयाने वॉशिंग्टनमधील एका रुग्णालयात पन्नाशीच्या आरंभी तुलना सुरू झाली : काही बाळांस भरपूर प्राणवायू, काहींस बेताचा. बाळांचा श्वास कोंडविणे क्रूरपणाचे वाटून तेथील काही परिचारिका रात्री गुपचूप प्राणवायूची चावी वाढवीत. त्या माऊल्यांच्या हेतूस कोण नावे ठेवील? परंतु ज्यांच्यासाठी त्यांचा जीव कळवळत होता, त्यांच्याच दृष्टीवर ती चावी उघडत होती. पुढे अठरा रुग्णालयांनी मिळून केलेल्या तुलनेत प्राणवायूचा दोष निर्विवाद ठरला. अपुऱ्या दिवसांची जी मुले आज आमच्याकडे वाचतात, त्यांच्या डोळ्यांची तपासणी आवर्जून करावी लागते ती याच कारणाने.

चिठ्ठीची बाजू आम्ही घेतो याचा अर्थ प्रयोगांच्या नावाखाली आमच्या देशात जे झाले त्यावर पांघरूण घालावे असा नव्हे. आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे मुलींना लस देण्याचा प्रकल्प २०१० साली सरकारला थांबवावा लागला. पुष्कळ संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, असे संसदीय समितीने २०१३ मध्ये स्वच्छ नमूद केले. आदिवासी मुलींच्या बाबतीत सही ही किती स्वस्त गोष्ट आहे, हे त्यातून दिसले. लोकांचा संशय असा पोसला गेला आहे, आणि तो उपदेशाने जाणार नाही.

संमतीचा प्रश्न बालकाच्या बाबतीत तर अधिकच बिकट. मूल स्वतः बोलत नाही आणि आई त्या क्षणी ऐकण्याच्या स्थितीत नसते. पूर्व आफ्रिकेत अशा प्रसंगी आधी तोंडी होकार घेत आणि मूल स्थिरावल्यावर सविस्तर समजावून लेखी संमती मागत. मूल त्याआधीच गेले तर काय? त्या शोकात बुडालेल्या मातेपुढे कागद धरणे नीतिसमितीस प्रशस्त वाटले नाही, आणि आम्हांसही वाटत नाही. तथापि ही सवलत जेथे समित्या जागत्या आहेत तेथेच शोभते. जेथे समिती वर्षातून दोनदा चहापानासाठी जमते, तेथे ती देऊ नये.

दुसरी एक गोष्ट या विषयात विसरता कामा नये. एका गावी ठरलेले सत्य दुसऱ्या गावी जसेच्या तसे लागू पडते असे नाही. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राच्या रुग्णालयात डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी न्युमोनियाने धापा टाकणाऱ्या मुलांसाठी एक स्वस्त साधन सिद्ध केले. नाकातील नळीचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवावयाचे. बाटली म्हणजे शाम्पूची रिकामी बाटलीसुद्धा चाले. उच्छ्वासाचे बुडबुडे उठतात आणि त्या दाबाने फुप्फुसे मिटत नाहीत. २२५ मुलांवर केलेल्या तुलनेत या साधनाच्या गटातील ४ टक्के दगावली. नेहमीच्या संथ प्राणवायूवरील १५ टक्के. २०१५ साली हे प्रसिद्ध झाले आणि आनंदाची लाट उसळली. मग आफ्रिकेतील मलावी देशाच्या एका जिल्हा रुग्णालयात याच तत्त्वाचे साधन ६४४ मुलांवर आजमावले. ही मुले अधिक बिकट अवस्थेतली होती, आणि खाटेशी डॉक्टरांची नित्याची देखरेख नव्हती. तेथे बुडबुड्यांच्या गटातील १७ टक्के गेली, साध्या प्राणवायूवरील ११ टक्के. तत्त्व तेच, निकाल उलटा. यंत्र बाटलीत नसते. ते परिचारिकेच्या डोळ्यांत व डॉक्टरांच्या पावलांत असते.

आमचे वाडिया, के. ई. एम. वा ससून हे ढाक्याच्या जवळचे. आणि तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय हे मलावीच्या. तेव्हा परदेशच्या पाठ्यपुस्तकातील उतारा काढून दोन्हीकडे चिकटविणे हे शास्त्र नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने रक्तातील जंतुदोषाने ढासळलेल्या मुलांस पाणी पाच-दहा मिनिटांत द्यावे की पंधरा-वीस मिनिटांत, एवढाच साधा प्रश्न घेऊन तुलना केली आणि २०१७ साली ती प्रसिद्ध केली. संथपणे दिलेल्या मुलांस कृत्रिम श्वासाची गरज कमी पडली. मुले शंभरांहून कमी होती. परंतु प्रश्न आमचा होता आणि खाटा आमच्या होत्या. आणि महाराष्ट्राने तर याहून मोठे काम करून दाखविले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच स्त्रियांस शिकवून आजारी नवजातांवर घरीच उपचार केले, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली, आणि १९९९ साली जगापुढे आकडे मांडले. नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. ते काम कोणत्या भव्य इमारतीत झाले नाही.

मग आमच्या मोठ्या रुग्णालयांतून, जेथे एका पावसाळ्यात येणारी मुले पाहून परदेशचे संशोधक थक्क व्हावेत, तेथून असे निकाल क्वचितच का यावेत? रात्रपाळीस एक निवासी डॉक्टर आणि खाटांची न संपणारी रांग, हे एक उत्तर आहे. नोंद ठेवावयास माणूस नाही, हे दुसरे. परंतु तिसरे उत्तर अधिक खोल आहे : 'आम्ही असेच करतो' या वाक्यापुढे प्रश्न विचारण्याची आमच्या विद्यालयांत प्रथा नाही. शिष्याने गुरूस पुरावा मागणे उद्धटपणाचे समजले जाते.

वाचकांपैकी कोणी हे वाचून उद्या आपल्या मुलास लावलेले सलाइन काढून मागेल, तर तो अनर्थ होईल. अतिसाराच्या, डेंग्यूच्या मुलास पाणी हवेच. संथ गतीचे पाणी तर आफ्रिकेतील त्या तिसऱ्या गटासही मिळत होते. आमची मागणी डॉक्टरांकडे नसून शासनाकडे व महापालिकांकडे आहे. प्रत्येक मोठ्या बालरुग्णविभागात नोंदींसाठी वेगळा वेतनी माणूस द्यावा. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांनी एकत्र येऊन दरवर्षी निदान एक साधा, खाटेवरचा प्रश्न चिठ्ठीच्या कौलास लावावा. नीतिसमित्यांच्या बैठकींचे वृत्त प्रसिद्ध व्हावे. संमतिपत्र अशा मराठीत असावे, की ते सातवी शिकलेल्या आईस मोठ्याने वाचून दाखविता येईल. आणि ज्या आईबापांनी त्या बंद लिफाफ्यास मान तुकविली, त्यांचे मूल वाचलेले असो वा गेलेले असो, निकाल हाती येताच त्यांच्या पत्त्यावर एक पत्र जावे : कोणता उपचार सरस ठरला, आणि त्यांच्या मुलास कोणता मिळाला होता.